कोऱ्या काचेची साक्ष : तेजोमेघांच्या हौशी छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

मराठीत ‘आभाळ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ‘आभाळात चांदण्या दिसतात’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आकाश असा असतो; ‘आभाळ आले’ असे म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ ढग असा होतो, आणि चांदण्या दिसेनाशा होतात. ह्या शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘अभ्र’ म्हणजे मेघ हा शब्द आहे. आकाशातील ज्या अंधुक, धुरकट प्रकाशपुंजांना इंग्रजीत ‘नेब्युला’ म्हणतात, त्यांच्यासाठी मराठी खगोललेखकांनी ‘तेजोमेघ’ व ‘अभ्रिका’ हे शब्द योजले. लॅटिन ‘नेबुला’चा अर्थही धुके असाच आहे. ग्रीक ‘नेफोस’, जर्मन ‘नेबेल’ आणि आपला ‘नभस्’ हे त्याचेच सगोत्र शब्द होत. ‘अभ्र’ही त्याच धातुकुळाशी जोडला जातो. सारांश, दूरच्या ताऱ्यांमधील मेघ आणि डोक्यावरचा पावसाळी मेघ ह्या दोन सर्वस्वी भिन्न वस्तूंना भाषेने एकाच घराण्यातील नावे दिली आहेत.

ही केवळ व्युत्पत्तीची गंमत म्हणून सोडून देता आली असती. परंतु तेजोमेघांचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या मनुष्याला ह्या दोन मेघांशी एकाच वेळी व्यवहार करावा लागतो. एक मेघ त्याला हवा असतो आणि दुसरा त्याच्या आड येतो. कित्येक तासांच्या परिश्रमानंतर काच कोरी निघाली, तर त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकालाही परका नाही. ह्या काचेवर काही नाही, म्हणून आकाशातही काही नाही असे म्हणावयाचे काय? की काचेचा कोरेपणा हा आकाशाविषयी काही न सांगता यंत्राविषयी, हवेविषयी आणि पाहणाऱ्याविषयी सांगतो?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार काही हौशी खगोलछायाचित्रकारांच्या कार्याच्या आधारे करावयाचा आहे. ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’पासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, मराठीत त्याला पुष्कळदा वरवरच्या नादाची छटा असते. येथे ‘हौशी’ ह्याचा अर्थ इतकाच घ्यावयाचा की ज्याची उपजीविका ज्योतिःशास्त्रावर अवलंबून नाही असा अभ्यासक. तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा पाया अशा अभ्यासकांनी घातला, आणि तो घालण्यास ते का समर्थ झाले ह्याला कारणे आहेत.

२

छायाचित्रणापूर्वी तेजोमेघांविषयीचा पुरावा म्हणजे हाताने काढलेली चित्रे होत. १८४५ साली आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस ह्याने आपल्या प्रचंड दुर्बिणीतून एका तेजोमेघाची सर्पिल आकृती पाहिली व रेखाटली. मृगनक्षत्रातील तेजोमेघाची चित्रे तर अनेक निरीक्षकांनी काढली होती. ती एकमेकांशी जुळत नसत. एकाच्या चित्रात जेथे ठळक कडा दिसे तेथे दुसऱ्याच्या चित्रात पुसट छाया असे. तेव्हा हा मेघच बदलत आहे की पाहणारे डोळे व काढणारे हात बदलत आहेत, असा वाद उपस्थित झाला. १८८२ साली अमेरिकन ज्योतिषी होल्डन ह्याने मृगातील तेजोमेघाच्या मध्यभागाविषयी जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात अशी चित्रे एकत्र करून ती परस्परांशी ताडून पाहण्याचा प्रयत्न आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवून पाठनिश्चिती करणाऱ्या संपादकाचे जे काम, तेच हे काम होय. फरक एवढाच की येथे मूळ प्रत आकाशात उपलब्ध होती, पण ती कोणालाच पुरती वाचता येत नव्हती.

ह्याच काळात दुसऱ्या एका हौशी अभ्यासकाने वेगळ्या वाटेने एक महत्त्वाचा शोध लावला होता. लंडनमधील आपला घरचा कापडाचा व्यापार विकून विल्यम हगिन्स हा ज्योतिःशास्त्राकडे वळला. १८६४ साली त्याने कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाप्रमाणे अखंड रंगपट्टा न दिसता त्यास मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्यावरून हा मेघ वायुरूप असल्याचे सिद्ध झाले. ह्या रेषांपैकी हिरव्या भागातील जी प्रमुख रेषा, ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ह्या रेषेकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

३

तेजोमेघाचे छायाचित्र ताऱ्याच्या छायाचित्राहून कठीण का, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ताऱ्याचा प्रकाश काचेवर एका बिंदूत गोळा होतो; तेजोमेघाचा प्रकाश पसरलेला असतो. म्हणून त्याचा ठसा उमटण्यास दीर्घ काळ लागतो. १८५१ नंतर प्रचारात आलेली ओल्या कलोडियनची प्लेट ह्या कामी निरुपयोगी होती, कारण ती ओली असेपर्यंतच, म्हणजे फार तर दहा-पंधरा मिनिटे, काम देई. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स ह्या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या प्लेटीची कल्पना मांडली. १८७८ साली चार्ल्स बेनेट ह्याने लेप उष्णतेत मुरवून तिची प्रकाशग्राहकता पुष्कळ वाढवली. त्यानंतरच तासन् तास प्रकाश साठविणे शक्य झाले.

ही शक्यता प्रथम प्रत्यक्षात आणणारा हेन्री ड्रेपर (१८३७–१८८२) हा न्यूयॉर्कचा होता. त्याचे शिक्षण वैद्यकाचे. त्याचा पिता जॉन विल्यम ड्रेपर ह्याने १८४० साली चंद्राचे छायाचित्र घेतले होते. हेन्री १८५७ साली आयर्लंडला गेला असता लॉर्ड रॉसची दुर्बीण पाहून प्रभावित झाला आणि परतल्यावर हडसन नदीकाठी हेस्टिंग्ज येथे स्वतःची वेधशाळा उभारू लागला. त्याचा पहिला आरसा मिश्रधातूचा होता. आरसा बसविलेल्या पेटीत पाण्याचे काही थेंब शिरले, ते थंडीत गोठून प्रसरण पावले आणि आरसा दुभंगला. हवामानाने यंत्राला दिलेला हा तडाखा अंती हितकर ठरला; कारण त्यानंतर जॉन हर्शेलच्या सूचनेवरून त्याने धातू सोडून चांदीचा मुलामा दिलेल्या काचेचा मार्ग धरला. असा आरसा घासून तयार करण्याची सविस्तर पद्धती त्याने १८६४ साली स्मिथसोनियन संस्थेमार्फत प्रसिद्ध केली आणि ती पुढे अनेक हौशी अभ्यासकांच्या उपयोगी पडली.

३० सप्टेंबर १८८० च्या रात्री ड्रेपरने अकरा इंची भिंगाच्या दुर्बिणीला प्लेट जोडून ५१ मिनिटे प्रकाश घेतला आणि मृगातील तेजोमेघाचा पहिला ठसा मिळविला. चित्रात तेजस्वी मध्यभागच तेवढा होता. १४ मार्च १८८२ रोजी त्याने १३७ मिनिटे प्रकाश घेतला, तेव्हा मेघाचा विस्तार बराच अधिक दिसू लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निवर्तला. ह्या दोन चित्रांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. दीड वर्षात तेजोमेघ वाढला नव्हता. वाढला होता तो प्रकाश साठविण्याचा काल. पहिल्या चित्रात जे नव्हते ते आकाशात होतेच.

४

इंग्लंडमध्ये हे कार्य अँड्र्यू एन्स्ली कॉमन (१८४१–१९०३) ह्याने पुढे नेले. तो व्यवसायाने आरोग्य अभियंता होता आणि लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथील आपल्या घराच्या बागेत त्याने ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. आरसा जॉर्ज कॅल्व्हरने केला होता. मांडणीची रचना कॉमनची स्वतःची होती. दुर्बिणीचा ध्रुवाक्ष पाऱ्यात अंशतः तरंगत ठेवून त्याने घर्षण कमी केले. ३० जानेवारी १८८३ रोजी केवळ ३७ मिनिटांच्या प्रकाशग्रहणात त्याने मृगाच्या तेजोमेघाचे असे चित्र मिळविले की त्यात दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले होते. १८८४ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले. कॉमनच्या चित्राचे खरे महत्त्व येथे आहे. तोपर्यंत छायाचित्र हे डोळ्याने पाहिलेल्याची नक्कल मानले जाई. ह्यापुढे ते डोळ्याच्या पलीकडची साक्ष देऊ लागले.

आता हे काम व्यावसायिक वेधशाळांतून न होता बागांतून का व्हावे? सरकारी वेधशाळांचा वेळ बांधलेला होता. ताऱ्यांची स्थाने मोजणे, कालमापन करणे, नौकानयनासाठी कोष्टके तयार करणे ही त्यांची कर्तव्ये होती. एका पुसट मेघासाठी सबंध रात्र घालवावी आणि ती ढगांमुळे फुकट गेल्यास दुसरी घालवावी, ही चैन तेथे परवडणारी नव्हती. हौशी अभ्यासकाला ती परवडत असे. त्याच्यापाशी पैसा होता हे खरे. पण पैशापेक्षाही, ज्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा नाही असा वेळ त्याच्यापाशी होता.

तथापि हवामान कोणाचीही हौस मानत नाही. कॉमनने ही दुर्बीण १८८५ साली हॅलिफॅक्सचा गिरणीमालक एडवर्ड क्रॉसली ह्यास विकली. उत्तर इंग्लंडच्या त्या औद्योगिक गावाचे आकाश अशा यंत्रास अनुकूल नव्हते, म्हणून क्रॉसलीने १८९५ साली ती कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला देऊन टाकली. हॅमिल्टन पर्वतावरच्या स्वच्छ हवेत जेम्स कीलर ह्याने १८९८ ते १९०० ह्या काळात तिच्याद्वारे तेजोमेघांची जी छायाचित्रे घेतली, त्यांवरून सर्पिल तेजोमेघांची संख्या लाखाच्या घरात असावी असा अंदाज निघाला. मांडणीत काही सुधारणा झाल्या होत्या हे खरे. परंतु आरसा तोच होता आणि मुख्यतः आकाश बदलले होते. हॅलिफॅक्सच्या काचांवर जे आले नाही त्याची नोंद ‘तेथे काही नाही’ अशी कोणी केली असती, तर ती किती दूरची चूक ठरली असती हे ह्यावरून दिसून येईल.

५

आयझॅक रॉबर्ट्स (१८२९–१९०४) ह्याच्या कार्यात प्रस्तुत प्रश्न सर्वांत स्पष्टपणे पाहावयास मिळतो. हा मूळचा वेल्सचा, लिव्हरपूलचा बांधकाम कंत्राटदार. व्यवसायात यश मिळविल्यानंतर तो प्रथम भूगर्भशास्त्राकडे व पुढे खगोलछायाचित्रणाकडे वळला. लिव्हरपूलजवळ मॅगल येथे त्याने ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण बसविली. तिच्याच मांडणीवर सात इंची भिंगाची दुसरी दुर्बीण जोडलेली होती. मोठ्या दुर्बिणीने चित्र घ्यावयाचे आणि लहानीतून एका ताऱ्यावर डोळा ठेवून मांडणी बरोबर फिरत आहे की नाही हे पाहावयाचे, अशी ही योजना.

ह्या योजनेची आवश्यकता थोड्या गणिताने लक्षात येईल. रॉबर्ट्सच्या आरशाचे नाभीय अंतर सुमारे ९८ इंच होते. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश सरकते. दुर्बीण स्थिर ठेवल्यास देवयानीच्या भागातील ताऱ्याची प्रतिमा प्लेटीवर एका सेकंदात सुमारे मिलिमीटरचा सातवा हिस्सा सरकेल. चार तासांच्या प्रकाशग्रहणात १४,४०० सेकंद असतात. ह्या सर्व सेकंदांत प्रतिमा केसभरही हलता कामा नये. वजनाने चालणारे घड्याळयंत्र दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवी, परंतु दात्यांच्या चाकात अल्पशी विषमता असली तरी गती मागेपुढे होई. तारा क्षितिजाकडे उतरू लागला की वातावरणातील वक्रीभवन त्याचे स्थान बदलवी. वारा नळीस हादरवी. रात्र थंड होत गेली की नळीची लांबी आकुंचित होऊन नाभिस्थान ढळे. दव आरशावर व भिंगावर बसे. आणि चांदीचा मुलामा दमट, धुरकट हवेत काळवंडून आरसा हळूहळू आंधळा होई. निरीक्षकाला तासन् तास एका ताऱ्यावर नजर खिळवून हाताने लहान लहान दुरुस्त्या करीत राहावे लागे. मध्येच ढग आला तर प्लेटीचे झाकण लावावयाचे आणि वाट पाहावयाची. ढग गेला नाही तर रात्र वाया.

त्यात प्लेटीचा स्वभावही प्रतिकूल होता. प्रकाश मंद असल्यास काल दुप्पट केल्याने ठसा दुप्पट होत नाही, हे कार्ल श्वार्झशिल्ड ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजून दाखविले. म्हणजे पहिल्या तासापेक्षा चौथ्या तासाची मिळकत कमी असे. आणि तो चौथा तास मिळविण्यासाठी आकाश मात्र सलग निरभ्र असावे लागे.

अशा परिस्थितीत २९ डिसेंबर १८८८ रोजी रॉबर्ट्सने देवयानीतील मोठ्या तेजोमेघाचे चार तासांचे छायाचित्र घेतले. ज्यास डोळ्याने पाहणारे शतकानुशतके एक लांबट पुसट डाग म्हणत आले, त्यात मध्यवर्ती तेज आणि त्याभोवती वेढे घालणारे पट्टे स्वच्छ दिसले. चित्र उत्कृष्ट होते. परंतु त्याचा अर्थ लावताना, लाप्लासच्या सिद्धांताप्रमाणे एक सूर्यमाला घडण्याच्या अवस्थेत येथे दिसत आहे असे रॉबर्ट्सला वाटले. १९२३ साली एडविन हबलने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने त्याच मेघात एक रूपविकारी तारा ओळखला आणि त्यावरून त्याचे प्रचंड अंतर निश्चित झाले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. देवयानीचा ‘तेजोमेघ’ ही अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका ठरली. प्लेटीवरील एकही ठिपका बदलला नव्हता; वाचन बदलले होते. जे दिसते त्याचेही वाचन चुकू शकते, मग जे दिसत नाही त्याच्या वाचनात किती सावधगिरी हवी, हे वेगळे सांगावयास नको.

६

१८९० साली रॉबर्ट्स अधिक चांगल्या आकाशाच्या शोधात मॅगल सोडून इंग्लंडच्या दक्षिणेकडील ससेक्स परगण्यात क्रोबरो येथे गेला. वयाच्या साठीनंतर केवळ हवेसाठी घर बदलणारा हा मनुष्य आकाशाच्या गुणवत्तेविषयी बेफिकीर होता असे कोणी म्हणणार नाही. १८९५ साली त्यालाही सुवर्णपदक मिळाले. क्रोबरोच्या वास्तव्यात त्याने एक मोठे काम अंगावर घेतले. १८११ साली विल्यम हर्शेलने आकाशातील ५२ क्षेत्रांची यादी प्रसिद्ध केली होती. ह्या क्षेत्रांत अत्यंत पुसट, विस्तृत अशी तेजोमयता पसरलेली आहे असे त्याने दुर्बिणीतून पाहून नोंदविले होते. रॉबर्ट्सने ह्या सर्व क्षेत्रांची सुमारे दीड तासाच्या प्रकाशग्रहणाने छायाचित्रे घेतली आणि १९०२ साली निकाल जाहीर केला : ५२ पैकी ४८ क्षेत्रांत तेजोमयतेचा मागमूस नाही, केवळ चारांत ती आढळते.

हा निकाल वजनदार होता. एका बाजूस नव्वद वर्षांपूर्वीच्या एका वृद्ध निरीक्षकाचा डोळा. दुसऱ्या बाजूस निःपक्षपाती काच. कोणाचे ऐकावयाचे? अनेकांचा कौल काचेकडे गेला असता. परंतु एडवर्ड एमर्सन बार्नार्ड ह्याने ह्यास हरकत घेतली.

बार्नार्ड तोपर्यंत व्यावसायिक ज्योतिषी झाला होता, पण त्याची वाट हौशीपणातूनच आली होती. नॅशव्हिल येथील एका छायाचित्रगृहात तो लहानपणापासून नोकरीस होता आणि रात्री स्वतःच्या लहान दुर्बिणीने धूमकेतू शोधीत असे. छायाचित्रगृहातील अनुभवामुळे व्यक्तिचित्रे काढावयाच्या भिंगांचा गुण त्यास ठाऊक होता. लिक वेधशाळेत त्याने असेच एक सहा इंची जुने भिंग वापरून आकाशगंगेची अपूर्व छायाचित्रे घेतली. १८९४ साली तर त्याने मॅजिक लँटर्नमधील दीड इंच व्यासाच्या भिंगाने संपूर्ण मृगनक्षत्राचे चित्र घेतले. (हे यंत्र मराठी वाचकास अपरिचित नाही, १८९२ पासून कल्याणचे महादेव पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने त्याचेच खेळ करीत होते.) ह्या क्षुद्र भिंगाने मृगाला वेढणारे एक प्रचंड तेजोमय कडे दाखविले. त्याचा ठसा पूर्वी १८८९ साली विल्यम पिकरिंगलाही मिळाला होता. आज ते ‘बार्नार्डचे कडे’ म्हणून ओळखले जाते.

वीस इंची आरशाने जे दाखविले नाही ते दीड इंची भिंगाने कसे दाखवावे? ह्याचे उत्तर असे की पसरलेल्या प्रकाशाचा ठसा केवळ मुखाच्या व्यासावर अवलंबून नसतो; तो नाभीय अंतर आणि व्यास ह्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. रॉबर्ट्सच्या आरशात हे गुणोत्तर सुमारे पाच, तर बार्नार्डच्या भिंगात सुमारे सव्वादोन होते. म्हणजे प्लेटीच्या तेवढ्याच जागेवर लहान भिंग चौपटीहून अधिक प्रकाश टाकीत होते. शिवाय मोठ्या यंत्राच्या अरुंद क्षेत्रात विस्तृत मेघ सर्वत्र सारखाच पसरलेला असला, तर त्याची कडाच दिसत नाही आणि तो पार्श्वभूमीत विरून जातो. लहान भिंगात मेघ आणि मेघाबाहेरचे काळे आकाश दोन्ही एका काचेवर येतात. हर्शेलच्या क्षेत्रांपैकी काही ठिकाणी तेजोमेघ छायाचित्रांत निःसंशय आलेले आहेत, हे बार्नार्डने १९०३ साली दाखवून दिले.

हर्शेलची बावन्नही क्षेत्रे खरी ठरली असे मात्र नव्हे. पुष्कळ ठिकाणी पार्श्वभूमीतील ताऱ्यांच्या मिसळलेल्या प्रकाशानेही निरीक्षकास भास होऊ शकतो. मुद्दा हर्शेल जिंकला की रॉबर्ट्स, हा नाही. रॉबर्ट्सचे ‘नाही’ हे विधान त्याच्या यंत्राच्या, प्लेटीच्या व आकाशाच्या मर्यादेत पूर्णपणे प्रामाणिक होते. ती मर्यादा विधानातून गळून पडली आणि तेच विधान आकाशाविषयीचे झाले, ही चूक. त्याची पत्नी डोरोथिया क्लुम्प्के, जी स्वतः पॅरिस वेधशाळेतील विदुषी होती, तिने १९२९ साली ह्या ५२ क्षेत्रांची चित्रे संग्रहरूपाने प्रसिद्ध केली. तिने निकालाऐवजी प्रत्यक्ष चित्रेच पुढील पिढ्यांच्या हाती दिली, हे अधिक मोलाचे झाले. निकाल जुना होतो. प्लेट पुन्हा वाचता येते.

७

ह्या मर्यादांत आणखी एक होती, जी त्या काळी पुरती ध्यानात येण्याजोगी नव्हती. साध्या प्लेटी निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच उत्तम प्रतिसाद देत. हिरवा प्रकाश त्यांना अल्प दिसे, तांबडा जवळजवळ नाही. परंतु तेजोमेघातील हायड्रोजनचा मुख्य प्रकाश तांबडा असतो, आणि हगिन्सने पाहिलेली ती प्रमुख रेषा हिरवी आहे. म्हणजे ह्या प्लेटी तेजोमेघाच्या सर्वांत बोलक्या रंगांविषयी बहिऱ्या होत्या.

त्या हिरव्या रेषेचा विचार आपल्या पुण्यातही झाला होता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक असलेले कावसजी दादाभाई नायगामवाला (१८५७–१९३८) ह्यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्यास वेधशाळा उभारली. रॉबर्ट्सप्रमाणेच त्यांच्याकडेही ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण आली. मृगातील तेजोमेघाच्या त्या प्रमुख रेषेचे स्वरूप काय, ह्यावर इंग्लंडमध्ये वाद चालू असता नायगामवालांनी तिचे निरीक्षण करून १८९१ साली आपले टिपण लंडनच्या खगोलसंस्थेच्या मासिक वृत्तांतात प्रसिद्ध केले. १९१२ साली ही वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. त्या रेषेचे कोडे १९२७ साली आयरा बोएन ह्याने सोडविले : ती कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नसून, अत्यंत विरल अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

पुण्याच्या उल्लेखाबरोबर आपल्या हवामानाचाही विचार ओघाने येतो. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर. धनुराशीतील सुंदर तेजोमेघ येथे मध्यमंडलावर असता क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपास उंच येतात. लिव्हरपूलहून ते जेमतेम बारा-तेरा अंश वर येत. रॉबर्ट्सला जे क्षितिजालगतच्या धुक्यात शोधावे लागले असते, ते आपल्यास सुखाने पाहता यावे. परंतु धनुराशी मध्यरात्री मध्यमंडलावर येते ती जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. म्हणून महाराष्ट्रातील हौशी छायाचित्रकाराला हे मेघ मार्च ते मे महिन्यांत पहाटेच्या वेळी गाठावे लागतात. तेव्हाही उन्हाळ्यातील धूळ असतेच. पाऊस ओसरल्यावर देवयानी मिळते आणि हिवाळ्यातील स्वच्छ रात्री मृगाच्या वाट्यास येतात. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी आकाशनिरीक्षणास संघटित रूप आले. पण पावसाळ्याचे हे वेळापत्रक कोणत्याही संस्थेस बदलता येण्याजोगे नाही. महाराष्ट्रातून घेतलेल्या तेजोमेघांच्या चित्रांचा कोणी उद्या इतिहास लिहू लागला आणि त्यात धनुराशीची चित्रे कमी आढळली, तर त्यावरून येथील लोकांना धनुराशीची आवड कमी होती असा निष्कर्ष त्याने काढू नये.

८

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी छायाचित्रकारांनी फिल्म वायूत तापवून तिची मंद प्रकाशातील कुचराई कमी केली. त्यानंतर १९६९ साली बॉइल व स्मिथ ह्यांनी कल्पिलेल्या विद्युत्प्रकाशग्राही चकतीने प्लेटीची जागा घेतली. ह्या बदलाचा सर्वांत दूरगामी परिणाम हवामानाशी असलेल्या संबंधावर झाला. चार तासांचे एक चित्र घेण्याऐवजी आज काही मिनिटांची शेकडो चित्रे घेऊन ती गणकयंत्राने एकत्र करतात. शंभर चित्रे एकत्र केली असता प्रकाशाच्या मानाने आकस्मिक चुकांचे प्रमाण एकदशांश उरते. ढग आला तर एक चित्र टाकून द्यावयाचे, रात्र नव्हे. पूर्वी निरभ्र काल सलग लागत असे. आता तो तुकड्यातुकड्यांनी, महिनोन् महिने जमविता येतो. ताऱ्यावर डोळा ठेवण्याचे कामही यंत्र करते. उलट बाजूस शहरांच्या दिव्यांचा उजेड हा नवा ढग उत्पन्न झाला आहे, आणि तो वाऱ्याने जात नाही. त्यावर तोड म्हणून छायाचित्रकार विशिष्ट रेषेचाच प्रकाश आत सोडणाऱ्या रंगीत काचा वापरतात.

ह्याच पद्धतीने २०२२ साली एक आश्चर्यकारक गोष्ट घडली. यान सेंती, झाविए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर ह्या तीन हौशी अभ्यासकांनी देवयानीच्या चित्रासाठी सुमारे चार इंची भिंगाच्या दुर्बिणीने अनेक रात्री प्रकाश साठविला. पूर्ण चित्रास शंभराहून अधिक तास लागले. ऑक्सिजनच्या त्या हिरव्या रेषेत पाहता देवयानीच्या शेजारी सुमारे दीड अंश लांबीची एक पुसट कमान दिसली. जानेवारी २०२३ मध्ये तिचे वृत्त प्रसिद्ध झाले. देवयानी हा आकाशातील सर्वांत अधिक छायाचित्रे घेतला गेलेला भाग म्हणावयास हरकत नाही. १८८८ पासून तेथे लहानमोठ्या असंख्य दुर्बिणी वळल्या होत्या, आणि पूर्ण चंद्राच्या तिप्पट लांबीची ही कमान कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ती देवयानीच्या परिसरात आहे की आपल्याच आकाशगंगेत, ह्याविषयी अभ्यासकांनी भिन्न मते मांडली आहेत. परंतु ती तेथे आहे. एकशे चौतीस वर्षांच्या कोऱ्या काचा तिच्याविरुद्ध साक्ष देत नव्हत्या. ती पाहण्याची त्यांची पात्रताच नव्हती.

९

ह्या इतिहासावरून जो निष्कर्ष निघतो तो थोडक्यात असा. उपकरणे आणि हवामान ह्यांच्या अडचणी म्हणजे शोधाच्या कथेत रंग भरणारे प्रसंग नव्हेत. त्या पुराव्याचाच भाग होत. आरशाचे गुणोत्तर, प्लेटीचा प्रकार, प्रकाशग्रहणाचा काल, आकाशाची स्वच्छता, ह्या नोंदींवाचून छायाचित्र अपुरे असते. आणि चित्र कोरे असेल तर ह्या नोंदी हाच त्यातील एकमेव मजकूर असतो.

भाषेच्या अभ्यासकाला हे विशेष रीतीने लागू आहे. एखादे रूप शिलालेखांत व ताम्रपटांत आढळत नाही, म्हणून त्या काळी ते बोलीत नव्हते असे आपण सहज लिहून जातो. परंतु ताम्रपट हे दानपत्र लिहिण्यासाठी होते; जात्यावरचे आणि शेतावरचे बोलणे टिपण्यासाठी नव्हते. त्यांचे गुणोत्तर वेगळे होते, असे ह्या लेखाच्या परिभाषेत म्हणता येईल. ‘आढळत नाही’ आणि ‘नव्हते’ ह्या दोन क्रियापदांमधील अंतर रॉबर्ट्ससारख्या काटेकोर मनुष्यालाही एकदा ओलांडण्याचा मोह झाला. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिताना पहिल्या क्रियापदाशी थांबावे, आणि कोणत्या साधनाने, कोणत्या काळात, किती वेळ पाहिले असता आढळत नाही, हे शेजारी लिहावे. मग पुढच्या पिढीचा कोणी अधिक स्वच्छ रात्री तेथे पुन्हा पाहील.